गुंडाळून ठेवलेली वायर

१

“अमृतदादा, रंगनाथनानांच्या गाडीची वायर तुम्हीच काढली का हो?”

प्रश्न धनश्रीच्या तोंडून बाहेर पडला आणि रिक्षातल्या बाकीच्या मुलींनी श्वास रोखला. हे ठरलं होतं फाट्यावरच. निकिता म्हणाली होती, वक्तृत्वात ढाल आणलीस ना, मग विचारून दाखव. रेश्मानं वर तिखटमीठ लावलं होतं, की ही कसली विचारतेय, हिचे पाय आत्ताच लटपटतायत. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी द्यायलासुद्धा धनश्रीचा आवाज फुटत नसे. पाथर्डीच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून मात्र तो आवाज पुन्हा आत जायला तयारच नव्हता. तिनं विचारून टाकलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ज्याच्या हातात आपल्या रिक्षाचं हँडल आहे त्याला असलं काही पाठीमागून विचारायचं नसतं.

अमृतनं रिक्षा कडेला घेतली. बॅटरीवरची रिक्षा ती, बंद केल्याचाही आवाज आला नाही. नुसता वारा आणि बाभळी.

“मी जेवून आलो, तर माजी रिक्षा आधीच लावल्याली हुती,” तो मागं न बघता म्हणाला. “कुनीतरी माजा नंबर आला म्हनून लावली आसंल, देव त्याचं भलं करो, आसं म्हनलो मी. आता गाव म्हनतं तूच काढली. तूच सांग धने, मी काय करू?”

धनश्रीला उत्तर सुचायच्या आत समोरून दोन मोटरसायकली आल्या आणि रिक्षाच्या तोंडाशी आडव्या लागल्या. पहिलीवर अंगद होता, रंगनाथनानांचा पुतण्या. डोळे लाल, दोन दिवसांची दाढी. त्यानं रिक्षाच्या काचेवर बोटानं टकटक केलं, अगदी हळू.

“पोरी हायत म्हनून सोडतो,” तो म्हणाला. “दिवे लागायला मारुतीच्या पारावर ये. तिकडं दवाखान्यातून काकीची वाईट खबर आली, तर तुजी रिक्षा आन तू, दोनी एकाच जागी जळनार.”

२

काकी म्हणजे मालनबाई, रंगनाथनानांच्या मंडळी. आठवड्यातून दोनदा नगरला नेऊन त्यांचं रक्त शुद्ध करून आणावं लागे. त्यासाठीच नानांनी गेल्या महिन्यात बॅटरीवरची गाडी घेतली होती, आणि ती गाडी गुरुवारी करंजीच्या घाटात मधोमध बंद पडली. मालनबाईंना आत दम लागलेला, बाहेर नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतायत. शेवटी कांद्याच्या एका टेम्पोनं त्यांना नगरला पोचवलं. तेव्हापासून त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या.

गाडी त्याच सकाळी चार्जिंगला लावली होती, खांडेवाडी फाट्यावरच्या स्टँडला. स्टँड म्हणजे धनश्रीच्या वडिलांच्या, भागवतच्या, हॉटेलाशेजारचा पत्रा आणि त्याखालचा एक जाडजूड सॉकेट. दुसरा सॉकेट जळाला होता तो जळालाच. एकच सॉकेट आणि गाड्या वाढायला लागलेल्या, तेव्हा फाट्यानं आपली जुनीच रीत तिथं लावली. पाण्याच्या टँकरपुढं जशी हंड्यांची रांग लागते, तशी इथं वस्तूंची. नानांचा चेपलेला तेलाचा डबा, अमृतची अर्धी वीट, छगन टेम्पोवाल्याचा टायरचा तुकडा. माणूस घरी जाऊन झोपला तरी त्याची वस्तू रांगेत उभी. कोणी गाडीला कुलूप घालायचं नाही, कारण एकाची भरली की जो कोणी जवळ असेल त्यानं ती काढायची, वायर नीट गुंडाळून टपावर ठेवायची, त्याची वस्तू भिंतीच्या कट्ट्यावर उचलून ठेवायची आणि पुढच्या नंबरची लावायची. वायर गुंडाळलेली दिसली, डबा कट्ट्यावर दिसला, की मालकानं बिनधास्त गाडी काढावी. इतका विश्वास, की नाना मीटरकडंसुद्धा बघत नसत.

त्या दिवशीही बघितलं नाही. मालनबाईंना अचानक जास्त व्हायला लागलं म्हणून ते धावत आले, टपावरची वायर डिकीत टाकली आणि निघाले. गाडी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती.

आणि सॉकेटला होती अमृतची रिक्षा.

धनश्रीला या सगळ्यात एक गोष्ट सलत होती. शनिवारची सकाळची शाळा सुटून घरी येईपर्यंत ती तेच तेच घोळवत राहिली. घाईघाईत दुसऱ्याचा नंबर मारणारा माणूस वायर उपटतो आणि फेकतो. हा कोण चोर, ज्यानं वायर गुंडाळली आणि डबा उचलून कट्ट्यावर ठेवला?

हॉटेलाच्या मागच्या दारातून ती आत शिरली तर आई चुलीपुढं बसली होती. समोर दूध उतू जात होतं आणि ती त्याच्याकडंच बघत होती.

३

भागूबाई फाट्यावर शेंगा विकायची. स्टँड तिच्या डोळ्यांसमोर. धनश्रीनं तिच्या पाटीशी बसून चार शेंगा फोडल्या, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग गुरुवारच्या सकाळचा विषय काढला.

“परकं मानूस फिरकलं न्हाई,” भागूबाई ठामपणे म्हणाली. “मी काय आंधळी हाय का? अमृत रिक्षा रांगेत उभी करून जेवाया गेला. छगन तर आलाच न्हाई सकाळी. बाकी रोजचंच चाललं हुतं, तुमचं हाटेल, च्या-पानी.” मग तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “पोरी, तू ह्यात पडू नको. अंगदच्या पोरांनी रॉकेल आनून ठिवलंय म्हनत्यात.”

धनश्रीच्या हातातली शेंग तशीच राहिली. घरी जावं असं तिला फार वाटलं. पण पार, रॉकेल आणि मध्ये उभा असलेला अमृत, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. रोज उशीर झाला तरी हॉर्न न वाजवता वाट बघणारा माणूस तो. तिची पावलं छगनच्या शेडकडं वळली.

छगन टेम्पोखाली आडवा झाला होता. नुसते पाय दिसत होते. आठ दिवसांपूर्वी याच छगननं स्टँडवर नानांशी कडाक्याचं भांडण काढलं होतं, की गाडी भरली तरी तुम्ही हलवत नाही, पेपर वाचत बसता. तो बाहेर आला तो हातात लांब पाना घेऊन. दोघांच्या मध्ये तो पाना होता आणि शेडला दार एकच होतं.

“आली का चौकशी आयोगाची बाई,” तो म्हणाला. “इचार.”

तिनं विचारलं. तो हसला नाही. आपण गुरुवारी सकाळी तिसगावला माल उतरवत होतो हे त्यानं सांगितलं, तिथल्या चार माणसांची नावंही घेतली. मग पाना बाजूला ठेवून म्हणाला, “आन मी काढली आसती, तर माजा टेम्पो लावला आसता का अमृतची रिक्षा? डोकं हाय का न्हाई?”

हे पटण्यासारखं होतं. धनश्री परत फिरली तेवढ्यात तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. अर्धी भरलेली गाडी कोणी काढेल कशी, दिवा लुकलुकत होता की. त्याच्या टेम्पोची आणि नानांच्या गाडीची कंपनी एकच. वायरीवरच्या चार्जरच्या डब्यावर हिरवा दिवा लुकलुकतो म्हणजे अजून भरतेय, स्थिर झाला म्हणजे भरली. अमृतला हे त्यानंच दाखवलं होतं. त्या दोघांना पक्कं माहीत.

“हिरवा?” धनश्री थबकली. “भरत असतानाही हिरवाच?”

“हिरवाच. उन्हात तर लुकलुकलेलं कळतबी न्हाई, जवळ जाऊन हाताची सावली धरावी लागती.” छगननं तिच्याकडं रोखून बघितलं. “पर येवढं फिरन्यापरीस आपल्या बापाला इचार की. गुरुवारपासून त्याचा कॅमेरा बंद का हाय?”

४

कॅमेरा हॉटेलाच्या वळचणीला होता, स्टँडकडं तोंड करून. पप्पांनी अंगदला सांगितलं होतं, उंदरानं वायर कुरतडली, चार दिवस झाले बंद आहे. धनश्रीनं त्या वेळी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

आता तिनं स्टूल लावलं. पप्पा गल्ल्यावर नव्हते. वर चढून तिनं वायरीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंही दात लागलेला नव्हता. वायर अख्खी होती, पिन ओढून काढलेली होती आणि कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडं वळवलेलं होतं. त्यावरच्या धुळीत बोटांचे ठसे ताजे होते.

“खाली उतर.”

पप्पा मागं उभे होते. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण आवाज अगदी हळू होता. तिनं आजवर वडिलांना रागावलेलं बघितलं होतं, दमलेलं बघितलं होतं, पण घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. ते तसे दिसत होते. कपाळावर घाम, आणि नजर तिच्यावर नाही, तिच्या डोक्यावरून रस्त्यावर.

“पप्पा, उंदीर...”

“तू काही बघितलं नाहीस. आत जा, दार लावून घे, अभ्यास कर.”

धनश्री स्टुलावरून उतरली. पप्पांनी काढली वायर? पण गुरुवारी सकाळी तर तिनं त्यांना तिसगावच्या बाजारात बघितलं होतं, शाळेच्या खिडकीतून, साखरेचं पोतं खांद्यावर घेतलेले. ते इथं नव्हतेच. मग ते लपवतायत कोणाला?

ती स्टँडच्या पत्र्याखाली आली, थोडं एकटं बसावं म्हणून, आणि समोर भिंतीवर तिला स्वतःचंच अक्षर दिसलं. दिवाळीच्या सुट्टीत तिनं रंगवलेली पाटी, पप्पांनी तोंडी सांगितलेली, तिनं वळणदार काढलेली. तेव्हा इथं नुसत्या रिक्षा आणि स्कुटी यायच्या.

लाल दिवा – चार्जिंग चालू.
हिरवा दिवा – गाडी भरली. भरलेली काढा, पुढची लावा.

तिनं ती पाटी हजार वेळा वाचली होती. आज ती दुसऱ्या ओळीवर थांबली. वायर काढणाऱ्यानं कोणाचा नंबर मारलाच नव्हता. त्याला गाडी खरंच भरलेली वाटली होती. तो फाट्यावरचा सगळ्यात शहाणा, सगळ्यात नियमानं वागणारा माणूस होता, फक्त त्याला नानांच्या गाडीची खोड ठाऊक नव्हती.

रस्त्यावर मोटरसायकल थांबली. अंगद आत येत होता, आणि या वेळी त्याच्यामागं पाचसहा जण होते.

५

ते पाणी प्यायला आले होते असं म्हणाले. कोणीच पाणी प्यायलं नाही. अंगद मधल्या बाकावर बसला आणि त्यानं हातातला लोखंडी गज टेबलावर आडवा ठेवला, एखाद्यानं छत्री ठेवावी तसा. चहा पीत बसलेली दोन गिऱ्हाइकं कप तसेच टाकून उठली.

“भागवतराव, तुमी दिवे लागायला पारावर यायचं,” तो म्हणाला. “स्टँड तुमचा. अमृतनं काढली हे तुमी सगळ्यांम्होरं सांगायचं.”

पप्पांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. आतल्या दाराच्या चौकटीला धरून आई उभी होती.

“आन हे बघा, किती पोचलेला हाय तो.” अंगदनं मोबाईल काढला. नानांच्या डिकीचा फोटो होता, गाडी घाटातून ओढून आणली तेव्हा काढलेला. “वायर कशी गुंडाळलीय बघा. वर पिनला पिशवी घातलीय, धूळ जाऊ नये म्हनून. गाडी भरली आसं काकाला वाटावं म्हनून केल्यालं नाटक हाय हे सगळं.”

फोटो टेबलावरून फिरला. पप्पांनी बघितल्यासारखं केलं. धनश्रीनं मात्र बघितला, आणि बघतच राहिली.

पिनला घातलेली पिशवी दुधाची होती, धुऊन वाळवलेली. आणि तिचा कापलेला कोपरा तुटलेला नव्हता. एका बाजूनं चिकटलेला, शेपटीसारखा लोंबत होता.

आठवीत असताना धनश्रीनं शाळेतून येऊन घरात फर्मान काढलं होतं, की दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, तो बारका तुकडा कुठंतरी उडतो आणि गुराच्या पोटात जातो. पप्पा हसले होते. अख्ख्या फाट्यावर ते एकाच माणसानं मनावर घेतलं होतं, आणि तेव्हापासून हॉटेलामागच्या तारेवर पिशव्या वाळत असायच्या त्या सगळ्या शेपटीच्या.

परकं माणूस फिरकलं नाही, भागूबाई म्हणाली होती. रोजचंच चाललं होतं. चुलीपासून स्टँडपर्यंत दिवसातून वीस वेळा जाणारी बाई तिनं माणसांत धरलीच नव्हती.

धनश्रीनं मान वर केली. चौकटीत उभ्या आईनंही फोटो बघितला होता. मायलेकींची नजर एक झाली आणि आईनं पदर तोंडात धरला.

“काय गं,” अंगद धनश्रीला म्हणाला, “भूत बघितल्यावानी काय झालं? तुला काय म्हाईत हाय का?”

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. गज टेबलावर होता. जिभेवर एक वाक्य तयार होतं. एवढं मोठं वाक्य तिनं आयुष्यात कधी गिळलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.

६

मोटरसायकलींचा आवाज लांब गेला. मग पप्पांनी शटर अर्धं ओढलं आणि ते खुर्चीवर बसले ते एकदम म्हातारे झाल्यासारखे. ऊन पाराच्या दिशेनं कलायला लागलं होतं.

“आई,” धनश्री म्हणाली, “हिरवा दिवा बघून काढलीस ना?”

आईनं नाही म्हटलं नाही. ती चुलीपाशी खाली बसली आणि बोलायला लागली, तव्यावर भाकरी असावी तशी नजर खाली ठेवून. दिवा हिरवा होता. पाटीवर लिहिल्याप्रमाणं केलं. बिचारा अमृत जेवायला गेलाय, येईपर्यंत त्याची थोडी भरेल म्हणून लावून दिली. नानांच्या पिनेत धूळ जाईल म्हणून पिशवी घातली. दुपारी घाटातली बातमी आली तेव्हा ती पीठ मळत होती.

“मी त्याच येळेला जाऊन सांगनार हुते,” ती म्हणाली. “तुज्या पप्पांनी हात धरला.”

“मग काय करू?” भागवतचा आवाज फाटला. “मालनबाईंचं काही बरंवाईट झालं तर ती पोरं काय ऐकून घेणार आहेत, चुकून झालं म्हणून? अमृत गडी माणूस आहे, चार फटके खाऊन उभा राहील. तुझ्या आईला ओढत पारावर नेलं असतं. हे हॉटेल राहिलं नसतं. तूही राहिली नसतीस इथं.”

“ते चार फटके द्यायला नाही येणार, पप्पा. रॉकेल आणलंय त्यांनी.”

पप्पांनी वर बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं, निदान इतकं नव्हतं. आईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

धनश्रीला भीती वाटत होती. स्पर्धेत समोर परीक्षक असतात, फार तर गुण कापतात. पारावर गज होते. पण सकाळी रिक्षात तिनं एक प्रश्न विचारला होता, आणि अमृतनं तिलाच उलटा विचारला होता, मी काय करू. तो प्रश्न अजून तिच्याकडंच होता.

ती आत गेली. मागच्या तारेवरून एक वाळलेली पिशवी काढली, कोपरा लोंबणारी, आणि ती हातात घट्ट धरून बाहेर आली. बाहेर रस्त्याला अमृतची रिक्षा उभी होती. तो पाराकडं चालत निघाला होता, एकटाच. कुणाच्या गाडीला अडचण नको म्हणून त्यानं रिक्षा कडेला लावली होती आणि जाताना आपली वीट रांगेतून उचलून कट्ट्यावर ठेवली होती.

“पप्पा, कॅमेरा सरळ करा,” ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण आत जात नव्हता. “आई, ऐक. तू वाईट हेतूनं काही केलं नाहीस, आणि हे ती पिशवी बघितल्यावर कोणालाही कळेल. वैर असलेला माणूस दुसऱ्याच्या पिनेची धूळ बघत नाही. मला बोलता येतं, नानांना सांगता येतं, अंगददादालाही सांगता येतं. लुकलुकणाऱ्या दिव्याचं छगनमामा सांगतील. आणि चुकीची पाटी रंगवली कोणी, तेही मीच सांगीन.”

“धने, नको,” आई म्हणाली.

“मी पारावर चाललेय, अमृतदादा पोचायच्या आत. तुम्ही दोघं आलात तर तुमचे हात धरून बोलीन. नाही आलात तर एकटी बोलीन. पण आज सांगणार आहे.”